पाणी पिण्यायोग्य, तरी मासे का खंगतात?

नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्षबागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बागेला लागून असलेल्या, प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात त्यांनी रोहू, कटला आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडले आहेत. पावसाळ्यानंतर माशांचे खाणे मंदावले, वाढ जवळजवळ थांबली, अधूनमधून एखादा मासा मरून वर येतो आणि नव्याने सोडलेली बोटुकली (बोटभर लांबीची पिले) तर आठवडाभरातच बहुतेक संपली. पाणी तपासून घेतले तेव्हा अहवालात तांबे आणि जस्त ‘पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत’, तर शिसे आणि कॅडमियम यांच्यापुढे ‘बीडीएल’ (उपकरणाला सापडण्याइतके नाही) असा शेरा आला. तेव्हा धातूंच्या प्रदूषणाचा संशय आता सोडून द्यावा का, आणि असे मासे खाण्यास चालतील का, असे त्यांनी विचारले आहे.

संशय सोडू नये, असे माझे उत्तर आहे. आपल्या तळ्यात धातूच दोषी आहेत असे या माहितीवरून ठरत नाही. पण हा अहवाल त्यांना निर्दोषही ठरवत नाही, कारण तो माणसासाठी केलेल्या मोजपट्टीने वाचला गेला आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) जस्ताची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. तांब्यासाठी हेच आकडे ०.०५ आणि १.५ मिलिग्रॅम असे आहेत. जस्ताची मर्यादा इतकी सैल असण्याचे मुख्य कारण म्हणजे त्यापुढे पाण्याला तुरट चव येते; माणसाच्या आतड्याला आणि यकृताला एवढे जस्त सहज हाताळता येते. याउलट गोड्या पाण्यातील जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जे निकष वापरले, त्यांत मध्यम जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला १०० मिलिग्रॅम जडपणा (पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) असताना, विरघळलेल्या जस्ताची मर्यादा सुमारे १२० मायक्रोग्रॅम आणि तांब्याची अल्पकालीन मर्यादा सुमारे १३ मायक्रोग्रॅम धरलेली आहे. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करून पाहिले म्हणजे फरक दिसतो: माणसाला ५००० मायक्रोग्रॅम जस्त चालते तेथे जलचरांसाठी १२० ला रेघ ओढली आहे. हे निकष पाणपिसू (डॅफ्निया) आणि ट्राउट यांच्यासारख्या नाजूक जीवांना धरून काढलेले आहेत आणि आपले कार्प जातीचे मासे त्याहून बरेच अधिक सोसतात, हे मान्य करूनही ‘पिण्यायोग्य’ या शेऱ्याचा माशांच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही.

हा फरक कल्ल्यांमुळे पडतो. माणूस पाणी पितो, मासा मात्र अहोरात्र पाणी कल्ल्यांवरून वाहू देतो, आणि कल्ल्यांचे आवरण काही मायक्रॉन जाडीचे असते. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात सोडियम आणि क्लोराइड हे बाहेरच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असतात, त्यामुळे क्षार सतत बाहेर झिरपत राहतात आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशी ऊर्जा खर्च करून ते पाण्यातून परत ओढून घेतात. धातूंचा पहिला घाव या परत ओढण्याच्या यंत्रणेवर बसतो. तांब्याचे आयन सोडियमच्या वाटेने आत शिरतात आणि सोडियम-पोटॅशियम पंप चालवणारे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. कॅडमियम, जस्त आणि शिसे हे कॅल्शियमची वाट अडवतात. मात्रा मोठी असेल तर रक्तातील क्षार काही तासांतच इतके घटतात की रक्तातील पाणी ऊतींत उतरते, रक्त दाट होते आणि हृदय थकून मासा मरतो. मात्रा लहान असेल तर मासा मरत नाही, पण क्षार सांभाळण्यातच त्याची ऊर्जा जाते, कल्ल्यांवर चिकट स्राव वाढतो, पातळ पटलांच्या पेशी सुजून आणि वाढून एकमेकींना चिकटतात, आणि श्वसनाचे क्षेत्रफळ घटते. अशा माशाला दुपारी पुरेसा वाटणारा प्राणवायू पहाटे पुरत नाही. खाद्य न घेणे हे या अवस्थेचे अगदी साधे पण बहुधा सर्वांत आधी दिसणारे लक्षण असते, आणि मत्स्यपालक नेमका खाद्याच्या कंपनीवर राग काढतो.

तांबे किती आहे, एवढ्यावरून मात्र त्याचा विषारीपणा कळत नाही. कल्ल्यांवरच्या ज्या जागा तांबे किंवा कॅडमियम पकडतात, त्याच जागांसाठी पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम स्पर्धा करतात; कार्बोनेट आणि पाण्यात विरघळलेला सेंद्रिय अंश तांब्याला बांधून ठेवतात; सामू (पीएच) उतरला की मोकळ्या आयनांचे प्रमाण वाढते. म्हणून वर सांगितलेली तांब्याची मर्यादा जडपणानुसार बदलते: त्याच सूत्राने २५ मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्यात ती साधारण ३.६ मायक्रोग्रॅम येते आणि २०० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्यात सुमारे २६. पुढे कल्ल्यांशी होणाऱ्या या स्पर्धेचाच हिशेब मांडणारी अधिक नेटकी पद्धत तयार झाली आणि २००७ मध्ये त्याच संस्थेने तांब्यासाठी ती स्वीकारली. आपल्याकडे याचा अर्थ असा होतो की सह्याद्रीच्या दोन अंगांना एकच सांडपाणी सारखे वागणार नाही. दख्खनच्या बेसॉल्टमधून आलेले विहिरीचे पाणी बहुधा जड आणि अल्कलिनिटी (आम्लाला तोंड देणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) चांगली असलेले असते. कोकणातील जांभ्या दगडाच्या प्रदेशात ते मऊ असते, आणि तेथे त्याच मात्रेचे तांबे किंवा जस्त कितीतरी अधिक बाधते.

आता आपल्या तळ्याकडे येऊ. आपण घाटावर आहात, विहिरीचे पाणी जड असणार, मग चिंता कशाची, असे वाटेल. पण तळे पावसाळ्यात भरले आहे आणि पावसाच्या पाण्याला जडपणा जवळजवळ नसतोच. शिवाय अस्तरामुळे पाण्याचा काळ्या मातीशी संबंध तुटला आहे. मातीच्या तळ्यात तळची माती कॅल्शियम पुरवते आणि तांबे ओढूनही घेते. प्लास्टिकवर उभ्या असलेल्या पाण्याला हे दोन्ही आधार नाहीत. त्यामुळे घाटावरचे शेततळेही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोकणातल्या तळ्यासारखे वागू शकते. आपल्या अहवालात जडपणा आणि अल्कलिनिटी हे रकानेच नाहीत. धातूंच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला आधी ते दोन पाहायला आवडले असते.

शेजारी द्राक्षबाग आहे, ही प्रश्नातील सर्वांत बोलकी गोष्ट. द्राक्षावरील केवडा या बुरशीजन्य रोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) आणि इतर ताम्रयुक्त बुरशीनाशके पावसाळ्यात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर सर्रास वापरली जातात. एक टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) लागते आणि मोरचुदाचा सुमारे चौथा हिस्सा शुद्ध तांबे असते. समजा, तळ्यात २० लाख लिटर पाणी आहे. फवारणीनंतर टाकीच्या तळाशी उरलेले १० लिटर मिश्रण कोणी तळ्याच्या काठावर धुतले, तर त्यासोबत सुमारे १०० ग्रॅम मोरचूद, म्हणजे २५ ग्रॅम तांबे पाण्यात गेले. ते सगळीकडे सारखे मिसळले तर लिटरला साडेबारा मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते. चुन्यामुळे त्यातील बराच भाग न विरघळणारा असतो, हे खरे. पण एका धुण्याची ही गोष्ट आहे, आणि ब्लोअरने उडणारे तुषार व बागेतून वाहून येणारे पाणी यात धरलेलेच नाही. उन्हाळ्यात तळ्यातील पाणी निम्म्यावर आले की त्याच तांब्याचा आकडा आणखी वर जातो.

याखेरीज शेवाळ मारण्यासाठी आपण स्वतः तळ्यात मोरचूद टाकले होते का, हे आठवून पाहावे. मत्स्यपालनातील जुना आणि चांगला नियम असा आहे की अल्कलिनिटीच्या आकड्याला १०० ने भागले की लिटरला किती मिलिग्रॅम मोरचूद चालेल ते मिळते, आणि अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर मोरचुदाला हात लावू नये. हा डोस वरच्या निकषांच्या मानाने मोठा दिसतो. तो अल्कलिनिटी असलेल्या पाण्यात निभतो, कारण तांबे लवकर कार्बोनेटच्या रूपात खाली बसते आणि शेवाळात अडकते. मऊ पाण्यात हा निभाव लागत नाही. दुकानात मात्र ‘एकरी इतके किलो’ असा सल्ला मिळतो, आणि पाण्याची खोलीसुद्धा कोणी विचारत नाही. जस्ताचा एक स्रोतही अनेकांच्या लक्षात येत नाही: जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याच्या छपरावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यात जस्त मिलिग्रॅमच्या घरात असू शकते, आणि ते पन्हळीतून थेट शेततळ्यात सोडण्याची पद्धत आपल्याकडे पाणी साठवण्याच्या कौतुकात रूढ झाली आहे. मत्स्यबीज केंद्रांत पितळी व्हॉल्व्ह, तांब्याच्या नळ्या आणि जस्त चढवलेल्या टाक्या टाळतात ते याच कारणाने.

बोटुकली मेली आणि मोठे मासे तगले, हेही धातूंच्या चित्रात बसते. लहान माशात शरीराच्या मानाने कल्ल्यांचे आणि त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, क्षारांची देवाणघेवाण वेगवान असते आणि बचावाची यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. ही यंत्रणा म्हणजे मुख्यतः मेटॅलोथायोनीन नावाचे गंधकयुक्त प्रथिन. १९५७ मध्ये ते प्रथम घोड्याच्या मूत्रपिंडातून वेगळे केले गेले. माशांच्या यकृतात, मूत्रपिंडात आणि कल्ल्यांतही ते तयार होते आणि तांबे, जस्त, कॅडमियम यांना बांधून ठेवते. हळूहळू वाढणाऱ्या मात्रेत राहिलेला मासा या बळावर काही आठवड्यांत सरावतो. तळ्यातील जुने मासे आपल्या नकळत असे सरावले असतील, तर स्वच्छ पाण्यातून आणलेले बीज त्याच तळ्यात टिकत नाही. अर्थात सरावाची किंमत वाढीतून वसूल होते: जे प्रथिन आणि जी ऊर्जा मांस बनवण्यास लागली असती, ती संरक्षणात जाते.

दीर्घकाळचे परिणाम अवयवागणिक वेगळे असतात. तांबे मुख्यतः यकृतात साठते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि कॅल्शियमचा तोल बिघडवते, त्यामुळे कण्याला बाक येऊ शकतो. शिसे रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या एका विकराला रोखते. ट्राउटमध्ये शिशाच्या बाधेने शेपटी काळी पडल्याचे आणि कणा वाकल्याचे प्रयोगांत दिसले आहे. लिटरला अवघे काही मायक्रोग्रॅम तांबेसुद्धा माशाची वास घेण्याची क्षमता मंदावते, हे सॅल्मनवरील प्रयोगांनी दाखवले आहे, आणि अन्न शोधणे, शत्रूपासून सावध होणे, जोडीदार ओळखणे ही कामे मासा बऱ्याच अंशी वासावर करतो. रोगप्रतिकारशक्ती खालावल्यामुळे एरवी निरुपद्रवी असलेले एरोमोनाससारखे जिवाणू जखमा करतात. मग मत्स्यपालक जखमेवर औषध करतो आणि काही वेळा त्या औषधातच पुन्हा मोरचूद असते.

एक परिणाम माशाच्या शरीराबाहेर घडतो आणि शेततळ्यात तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणपिसूसारखे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) तांब्याला माशांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असतात. मासा स्वतः बाधण्याच्या आधीच त्याचे नैसर्गिक अन्न संपते. कटला हा वरच्या थरातील प्राणिप्लवकांवर वाढणारा मासा असल्याने तो प्रथम रोडावतो, आणि तळाशी चरणारा सायप्रिनस काही काळ बरा दिसतो. पुढे तांबे तळाच्या गाळात उतरले की पारडे फिरते. आपल्या तळ्यात तिन्ही जातींची वाढ सारखीच थांबली आहे की कटला आधी मागे पडला, हे जाळे टाकून, वजने घेऊन पाहावे.

या सर्व विवेचनाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. एका रात्रीत शेकडो मासे वर आले, तर धातूंच्या आधी प्राणवायू आणि अमोनिया तपासावा. शेततळ्यातील सामूहिक मृत्यूंमागे बहुतेक वेळा तेच असतात. खाणे मंदावणे, वाढ थांबणे, लहान मासे प्रथम मरणे आणि हे सगळे आठवडे, महिने चालू राहणे हे धातूंच्या बाजूने बोलणारे चित्र आहे, परंतु फवारणीतील इतर कीडनाशकेही असेच चित्र उभे करू शकतात, आणि द्राक्षबागेशेजारी ती शक्यता लहान नाही.

म्हणून पुढची तपासणी अशी व्हावी. पाण्याचा नमुना आम्लाने धुतलेल्या पॉलिथिनच्या बाटलीत घ्यावा. एक भाग ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणावा, म्हणजे विरघळलेला धातू कळेल. दुसरा भाग न गाळता तसाच आम्ल घालून द्यावा, म्हणजे एकूण धातू कळेल. आधी आम्ल घालून नंतर गाळले तर कणांना चिकटलेला धातू सुटून आकडा फसवा येतो. ‘बीडीएल’ म्हणजे उपकरणाला पकडता येईल त्यापेक्षा कमी. तेव्हा ती पकडण्याची मर्यादा किती होती, हे प्रयोगशाळेला लेखी विचारावे. उदाहरणार्थ, तांब्यापुढे असा शेरा आला आणि तेथे ती मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम असेल, तर माशांच्या दृष्टीने त्या शेऱ्यातून काहीच कळत नाही. कॅडमियमच्या बाबतीत तर १०० मिलिग्रॅम जडपणालाही अल्पकालीन निकष २ मायक्रोग्रॅमच्या आत आहे. त्याच दिवशी जडपणा, अल्कलिनिटी, अमोनिया, आणि सामू व प्राणवायू पहाटे व दुपारी असे दोनदा मोजावेत.

माशांचे नमुने जिवंत किंवा नुकतेच मेलेले असावेत. फुगून वर आलेला मासा उपयोगाचा नाही. कल्ले, यकृत, मूत्रपिंड आणि मांस वेगवेगळे बर्फात पाठवावे, आणि कल्ल्यांचा एक लहान तुकडा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी दहा टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवावा. सोबत दूरच्या, बाग नसलेल्या तळ्यातील त्याच जातीचे, त्याच आकाराचे मासे तुलनेसाठी पाठवावेत. तांबे आणि जस्त निरोगी माशातही असतातच, त्यामुळे तुलनेशिवाय आकडा वाचता येत नाही. अनेकदा फक्त मांस तपासून ‘धातू नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो. मांसात तांबे आणि कॅडमियम सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी येतात. मांस स्वच्छ असणे ही खाणाऱ्यासाठी चांगली बातमी आहे; माशाची प्रकृती त्यातून कळत नाही.

येथेच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. तांबे आणि जस्त यांच्यामुळे आजारलेला कार्प, कल्ले आणि आतील अवयव काढून टाकल्यास, खाणाऱ्याला सहसा धोकादायक नसतो. खरे तर जेथे मासा आधी मरतो तेथे माणसाला बाधा होण्याइतके तांबे ताटात पोहोचतच नाही. पण कीडनाशकांचा संशय फिटेपर्यंत मासे विक्रीला काढू नयेत. पाऱ्याचे गणित याच्या अगदी उलटे आहे. गाळातील जिवाणू पाऱ्याचे मिथिलमर्क्युरी करतात, ते मांसातील प्रथिनांनाच चिकटते, अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत जाते, आणि शिजवून किंवा धुऊन निघत नाही. जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याचा पारा वर्षानुवर्षे खाडीत गेला, आणि १९५६ मध्ये अधिकृत नोंद झालेल्या त्या आजाराने हजारो माणसे बाधित झाली. मासे मात्र बाजारात विकले जातच होते. मोठ्या, वयस्क, शिकारी माशांत, म्हणजे मोरी किंवा मोठी सुरमई यांच्यात, पारा लहान बांगड्या-तारल्यांपेक्षा अधिक असण्याचे कारण हेच. आपल्या तळ्यातील वर्षा-दोन वर्षांच्या, वनस्पती आणि प्लवक खाणाऱ्या माशांत पाऱ्याचे भय फारसे धरू नये. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या तलावांजवळ मासेमारी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण राखेतील सेलेनियम अंड्यांतून पिलांत उतरते: अमेरिकेतील बेलूज लेकमध्ये प्रौढ मासे वरवर ठीक दिसत असताना प्रजनन बंद पडले आणि २० पैकी १९ जाती नाहीशा झाल्या. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळच्या खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, तेव्हा नदीत मेलेले मासे मोजण्यापेक्षा पुढच्या हंगामात पिले किती दिसतात हे मोजणे अधिक उपयोगाचे होते.

उपायांत पहिला उपाय स्रोत तोडण्याचा: फवारणीची टाकी तळ्यापासून दूर, मातीवर धुवावी, बागेच्या बाजूने बांध घालून चर काढावा, पत्र्याच्या छपराचे पाणी दुसरीकडे वळवावे आणि मोरचूद बंद करावे. दुसरा उपाय जडपणा वाढवण्याचा. विहिरीचे पाणी जड असल्याची खात्री झाली तर तळ्यातील थोडे थोडे पाणी काढून ते भरणे हे सर्वांत स्वस्त औषध आहे. त्याखेरीज जिप्समने सामू न वाढवता कॅल्शियम वाढते आणि चुनखडीच्या भुकटीने अल्कलिनिटीही सुधारते. कळीचा चुना मात्र मासे असताना टाकू नये, कारण सामू एकदम चढला की अमोनियाच विषारी होतो. शेणखत टाकून तांबे बांधण्याचा सल्लाही ऐकू येतो. तत्त्व खरे आहे, पण दमलेल्या कल्ल्यांच्या माशांना प्राणवायूची तूट परवडणार नाही. तळाचा गाळ मासे असताना ढवळू नये. तळे रिकामे होईल तेव्हा तो काढून टाकावा, आणि ज्या बागेत आधीच वर्षानुवर्षे तांबे पडले आहे तिथेच पुन्हा पसरू नये.

नवे बीज सोडण्याची घाई करू नये. त्याआधी तळ्यात एक लहान हापा (बारीक जाळीचा पिंजरा) लावून त्यात वीसेक बोटुकली चार दिवस ठेवावीत, आणि तेवढीच बोटुकली हवा चालू असलेल्या टाकीत विहिरीच्या पाण्यात ठेवावीत. दोन्हीकडे मेली तर दोष बीजाचा किंवा वाहतुकीचा आहे. हाप्यातलीच मेली तर तो तळ्याच्या पाण्याचा आहे. तसे झाल्यास हाप्यातील पाण्याचा नमुना त्याच दिवशी, वर सांगितल्याप्रमाणे गाळून आणि न गाळता, प्रयोगशाळेत द्यावा आणि सोबत गेल्या महिनाभरात बागेत काय काय फवारले त्याची तारीखवार यादी जोडावी.